निळीला खाली उतरवायची शिट्टी

शेगडीवाला दिवसभर लोकांच्या गॅसच्या शेगड्या उघडायचा, बर्नरची बुजलेली भोकं तारेनं कोरायचा आणि संध्याकाळी जिना चढून गच्चीवरच्या ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या लाकडी घरात, जाऊन बसायचा. लग्न झाल्यापासून हा शिरस्ता. बायको म्हणायची, "यापेक्षा सवत आणली असतीत तर बरं झालं असतं. निदान भांडी तरी घासली असती तिनं." ती गच्चीवर यायची ती हातात झाडू घेऊनच. त्यामुळे कबुतरांच्या लेखी झाडू आणि बाई हा एकच प्राणी होता.

अशात पोरीनं आणि जावयानं त्याला परदेश दाखवायचा घाट घातला. आणि नेमकी त्याच दिवसांत निळीची पहिली लांबची शर्यत. निळी म्हणजे त्यानं चोचीत दाणे भरवून वाढवलेली मादी. त्यानं जायला साफ नकार दिला, तेव्हा बायकोच म्हणाली, "जा तुम्ही. माझे गुडघे दुखतात, मी घरी आहेच. पण एक ठरवून जा. निळी परत आली तर ढाबळ राहील. नाही आली तर मोडून तिथं कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधीन."

"बांध," शेगडीवाला तोऱ्यात म्हणाला.  पण शर्यतीत पाखरं लांब नेऊन सोडतात, आणि नियम वाईट. पाखरू छपरावर येऊन बसलं तरी भागत नाही. ते ढाबळीच्या आत शिरलं पाहिजे, पंचानं त्याच्या पायातलं कडं वाचलं पाहिजे, तेही दिवस मावळायच्या आत. आणि निळी खाली उतरायची ती फक्त शेगडीवाल्याच्या शिट्टीवर. तो म्हणाला, शिट्टी काय, फोनवरून मारीन.

विमानतळावर उतरल्या उतरल्या जावयानं त्याच्या फोनमध्ये तिकडचं सिम घातलं. "बाबा, यात पाच जीबी आहेत. सगळी सहल पुरवायचेत."

"बोलायला पुरतील ना?"

"बोलायला उरतील. व्हिडिओ मात्र बेतानं."

बेतानं हा शब्द शेगडीवाल्याच्या एका कानातून शिरला आणि दुसऱ्यातून गेला. मुक्कामाच्या जागी वायफाय होतं, पण खालच्या बैठकीतच, आणि तिथं सगळे बसायचे. म्हणून तो रोज खोलीत उशीला टेकवून फोन उभा करायचा. तिकडे बायको आपला फोन ढाबळीच्या जाळीला टांगून स्वयंपाकाला निघून जायची. मग इकडे हा आणि तिकडे कबुतरं, एकमेकांकडे बघत बसायचे.

पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत तर काहीच नाही."

"बोलायचं काय त्यात? चेहरा दाखवतोय. निळी विसरली म्हणजे?"

शर्यतीच्या दिवशी सहलीची बस एका उंच बुरुजापाशी थांबली. सगळे वर चढले. हा गुडघ्यांचं कारण सांगून बसमध्येच राहिला. गुडघे बायकोचे दुखत होते, पण सबब त्यानं उसनी घेतली. लगेच फोन लावला. तिकडे गच्चीवर पंच खुर्ची टाकून बसला होता आणि शेजारीण फुकटचा तमाशा बघायला आली होती.

"आली का?"

"तुमचं डोकं आलं," बायको म्हणाली. आणि मग एकदम आवाज बदलून, "अहो, थांबा. वर काहीतरी फिरतंय."

फोन वर वळला. आधी पाण्याची टाकी दिसली, मग तिचा अंगठा, मग आभाळ आणि त्यात एक निळसर ठिपका. शेगडीवाला सीटवरून उठला. तेवढ्यात ठिपका आभाळातच गोठला. पडद्यावर पाटी आली, डेटा संपला. पाचही जीबी कबुतरांना चेहरा दाखवण्यात गेले होते.

बसमध्ये एकटी चालकबाई होती, दारासारखी रुंद, पाव खात बसलेली. शेगडीवाला तिच्यापुढे गेला. भाषा येत नव्हती. त्यानं फोन दाखवला, कपाळावर हात मारला, मग दोन्ही हात पसरून बसच्या मधल्या वाटेत उडून दाखवलं. चालकबाईनं पाव खाली ठेवला. फोनची पाटी वाचली, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. मग तोंड पुसून तिनं आपल्या फोनचा हॉटस्पॉट त्याला जोडून दिला आणि घड्याळावर बोट ठेवलं. बस निघायची वेळ होत आली होती.

"अहो, कुठं मेला होतात? घिरट्या घालून दमली ती. माझ्याकडे बघते आणि परत वर जाते."

"झाडू आहे का हातात?"

बायकोनं झाडू टाकला. शेगडीवाल्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की चालकबाईनं पुन्हा उचललेला पाव तिच्या हातातून उडाला.

"मारा ना," बायको म्हणाली.

"मारली की!"

"नुसते गाल फुगले. आवाज नाही आला."

पुन्हा मारली. पुन्हा तेच. फोन शिट्टीला गोंगाट समजून गिळून टाकतो, हे पोरीनं नंतर सांगितलं. शेगडीवाल्याला एवढंच कळलं, की त्याची शिट्टी समुद्र ओलांडत नाही.

"तूच मार," तो म्हणाला.

"मी? घरात शिट्टी वाजवू नका म्हणून जन्मभर तुमच्यावर ओरडले मी."

"माझ्या तोंडाकडे बघ. बोटं अशी. जीभ मागं दुमड. आता फुंक."

फुस्स.

"कवळी काढ."

"शेजारीण बघतेय."

"तिलाही काढायला लाव."

बायकोनं पाठ फिरवून पुढच्या दातांची कवळी काढली आणि पदराच्या टोकात बांधली. फुस्स. पुन्हा फुस्स. बाहेर सहलीची माणसं बुरुजावरून उतरू लागली होती. चालकबाईनं मान वाकडी करून पडद्यात पाहिलं आणि स्वतःचीही दोन बोटं तोंडात घालून ओठ कसे आवळायचे ते दाखवलं.

बायकोनं ओठ आवळले. पडद्यावर तिचे गाल ताठ झाले, आवाज काहीच आला नाही, पण मागं पंच खुर्चीतून दचकून उठला. म्हणजे वाजली होती.

"परत मार," शेगडीवाला कुजबुजला. "आता बाजूला सर. तिच्याकडे बघू नकोस."

एक निळी सावली पडद्यावरून सर्रकन खाली गेली. मग नुसती फडफड. पंच वाकून ढाबळीत शिरला आणि आतून त्यानं कड्यावरचे आकडे मोठ्यानं वाचले.

शेगडीवाला मटकन सीटवर बसला. चालकबाईनं त्याच्या पाठीत अशी थाप मारली की त्याला ठसका लागला. पोरगी आणि जावई बसमध्ये चढले तर बाप हसतोय आणि डोळे पुसतोय. ठसका लागलाय, तो म्हणाला.

"काय गं," त्यानं फोनमध्ये विचारलं, "दोऱ्या बांधणार होतीस ना? त्यांचं काय करणार?"

बायको पदराची गाठ सोडत होती.

"बांधीन खाली अंगणात. ढाबळ राहू दे. एवढ्या कष्टानं शिट्टी शिकले, ती आता काय दूधवाल्याला मारू?"