वॉल्ट्झची प्रदक्षिणा

आमची मुलींची शाळा उन्हाळ्यानंतर उघडणार नाही, हे चालकांनी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सांगितलं. शाळेत शिक्षिका दोनच. एक मी, आणि दुसरी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, खजुरी गावच्या शेतकरी घरातली. तिला मुलींपासून चालकांपर्यंत सगळेच अक्का म्हणायचे. दोघीही विधवा. अक्काला मूलबाळ नव्हतं. मला चौदा वर्षांची मुलगी होती आणि तिच्या मॅट्रिकला अजून दोन वर्षं होती.

त्याच संध्याकाळी मी वहीत दोन रस्ते लिहून काढले. एक, निंबर्ग्याला भावाच्या घरी जाणे. तिथं गेलं की मुलीची शाळा सुटणार आणि लग्न लागणार. भावानं मुलगाही पाहून ठेवला होता. दोन, गुलबर्ग्यात नव्यानं निघालेल्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षक बाईची जागा. राहायला दोन खोल्या, हाकेच्या अंतरावर हायस्कूल, आणि अधीक्षक बाईच्या मुलीला तिथंच राहून शिकायची मुभा.

दुसऱ्या रस्त्यापुढे खूण केली आणि सकाळच्या टपालानं अर्ज धाडला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. वसतिगृहाच्या मुख्य बाई परदेशी होत्या. अर्ज त्यांना पसंत होता, फक्त एक अट होती. वसतिगृहात अधिकाऱ्यांच्या आणि इंजिनिअरांच्या मुली राहणार, त्यांचा संध्याकाळी साहेबी नाचाचा तास असणार आणि तो तास अधीक्षक बाईनं घ्यायचा. त्यासाठी त्या नाचाची पहिली परीक्षा ती पास झालेली असली पाहिजे. परीक्षक मार्चमध्ये सिकंदराबादेहून येतील. प्रमाणपत्र नाही तर जागा नाही.

मी पत्र तीनदा वाचलं. भूगोल, गणित, शिवण, वेळ पडली तेव्हा कन्नडसुद्धा मी शिकवलं होतं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नाचाच्या परीक्षेला बसा, असं मला कोणी लिहील हे माझ्या कुठल्याही हिशेबात नव्हतं. तसंच उठून अक्काकडे गेले आणि पत्र वाचून दाखवलं. तिनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडायली. ती हसत होती.

"बाप्याला धरून नाचायचं असतंय ते," ती म्हणाली. "रेल्वेच्या क्लबात मी खिडकीतून बघितलंय. कमरेला हात घालत्यात, समद्यांदेखत."

"बाईनं बाईला धरलं तरी चालतं. लिहिलंय तसं."

"मग तुझ्यासंगं कोन नाचनार?"

मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

"न्हाई गं बाई! मला कामून बुडवायलीस?"

"तुझं नुसतं नाव जोडीला."

"नाव नाचतंय व्हय?"

पण दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या मुलीला हात धरून तिनंच अक्षरं शिकवली होती. मला फार बोलावं लागलं नाही. जोडीतल्या दोघींनीही परीक्षा द्यावी लागते असा नियम होता, म्हणून अक्काचा अर्जही मीच भरला.

आमचं गाव रेल्वेच्या वसाहतीला लागून होतं. तिथल्या एका गार्डाची बायको पूर्वी मद्रासेत नाच शिकवायची. तिला सगळे मडम म्हणत. दर शनिवारी ती आम्हाला तिच्या व्हरांड्यात शिकवू लागली. व्हरांडा जेमतेम दोन खाटांच्या रुंदीचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं आणि परत यायचं.

"पाँव उठाना नक्को बाई, सरकाना," मडम म्हणायची. "घोडा नक्को बनो."

जोडीत एकीनं पुरुषाच्या बाजूनं नाचावं लागतं. तो पुढं चालतो, कुठं जायचं ते ठरवतो. दुसरी बाईच्या बाजूची, ती मागं मागं सरकते. पुरुषाची बाजू मी घेतली, यात चर्चेला जागाच नव्हती. सगळी पावलं वहीत मी लिहून घेत होते, मोजायचं माझ्याकडे होतं, नोकरीही मला हवी होती.

"बरं झालं," अक्का म्हणाली. "मी जलमभर मागंच सरकायले. मला काय अवघड?"

पहिल्या शनिवारी मी तिच्या कमरेमागं हात ठेवला. अक्कानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या शनिवारपर्यंत ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मडमच्या कोंबड्यांविषयी बोलत होती. नऊवारीच्या काष्ट्यामुळं पाय मोकळे पडायचे. मडम म्हणाली, झग्यापेक्षा हेच बरं.

बाकीचे दिवस आम्ही शाळेत सराव करायचो. चार वाजता मुली घरी गेल्या की दार लावून घ्यायचं. शाळा म्हणजे एकच लांब खोली, शहाबादी फरशीची. बाकं बाहेर काढायला जागा नव्हती म्हणून ती मधोमध रचून ठेवायची आणि भोवतीच्या वाटेनं फिरायचं. मडमनं सांगितलंच होतं, खरा नाच खोलीभर गोल फिरत करायचा असतो. कुठल्या बाजूनं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बाकांचा ढीग उजव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. देवळात गेल्यावर कुठून वळायचं हे कोणी कोणाला विचारत नाही. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एका फेरीत चोवीस वेळा. सहा आठवड्यांत एकही दिवस आम्ही चुकवला नाही.

"देवाला चालल्यावानी वाटायलंय," अक्का एकदा म्हणाली. मला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

परीक्षा वसतिगृहाच्याच मोठ्या दालनात होती. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. टाचेचे बूट मडमकडून आणलेले, पायात आधीच घालून मुरवलेले. दोघींचे अर्ज, रुमाल, घोटभर पाणी, सुईदोरा, सगळं पिशवीत होतं. मुलीला सोबत नेलं होतं. दोन खोल्या तिनं बाहेरून पाहून घेतल्या आणि खिडकीजवळ आपलं टेबल कुठं मांडायचं तेही ठरवून टाकलं. तिला कसं अडवावं मला कळेना.

दालनात चार जोड्या. आमच्याखेरीज तिन्ही जोड्या विशीच्या आतल्या मुलींच्या. परीक्षक काटकुळे, पिकल्या मिशांचे साहेब, पुढ्यात कागद घेऊन बसलेले. शेजारी मुख्य बाई. ग्रामोफोनपाशी मडम, तबकड्या लावायला तिलाच बोलावलं होतं. वॉल्ट्झ, म्हणजे आमचा एक-दोन-तीनचा नाच, सगळ्यांनी एकदम करायचा होता.

तबकडी लागली. मी दोन ठेके सोडले, श्वास घेतला, दालनाचा मध्य उजव्या हाताला ठेवला आणि निघाले. एक-दोन-तीन. पाऊल सरकत होतं. अक्का हलकी झाली होती. मनात म्हटलं, झालं, पोरीची शाळा वाचली.

पहिल्या कोपऱ्यावर वळले, तर समोरून तिन्ही जोड्या आमच्या अंगावर येत होत्या.

त्या पोरी चुकल्या असंच मला वाटलं. खरंच वाटलं. वर्गात म्हणावं तसं मी ठासून म्हटलं, "बाजूनं चला गं." पहिली जोडी कशीबशी निसटली. दुसरीतल्या उंच मुलीची पाठ अक्कावर आदळली. तिसरी जोडी जागीच थांबली. तबकडी बंद झाली आणि सगळ्या दालनात माझाच आवाज राहिला, एक-दोन-तीन.

मडम धावत आली.

"बाई, सारी दुनिया इधर से जाती. तुम उधर से कैकू?"

"उधर से म्हणजे? असंच जातात."

"नक्को! बीच का हिस्सा बाएँ हात को. हमेशा बाएँ हात को!"

मी तशीच उभी राहिले. मध्य डाव्या हाताला ठेवून गोल फिरायचं, हे ऐकलं आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. आमच्यात तसं एकाच ठिकाणी फिरतात. माझ्या नवऱ्याच्या वेळी पुतण्यानं पाणी दिलं. तो खांद्यावर मडकं घेऊन तसा फिरला. बायका तिथं जात नाहीत, पण कसं फिरतात हे प्रत्येकीला माहीत असतं. आणि इथं लेकीबाळी हसत, सजून, तबकडीच्या तालावर त्याच बाजूनं फिरत होत्या.

परीक्षकांनी परत एकदा करा असं खुणेनं सांगितलं. अक्कानं माझा हात घट्ट धरला.

"मसणात फिरत्यात तसं?"

"व्हय."

"आन तू फिरनार?"

"पोरीसाठी फिरनार."

"मग चल."

तबकडी पुन्हा लागली. मी मध्य डाव्या हाताला ठेवून निघाले. पहिली बाजू नीट गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या बाजूला मला दालनाच्या मध्याकडे बघू नये असं वाटत होतं आणि मी बघितलं. तिथं काही नव्हतं, रिकामी लाकडी जमीन. माझे पाय थांबले. वहीतलं एकही पाऊल आठवेना. आकडे गेले. मी अक्काला धरून नुसती उभी, आणि मागून जोड्या येत होत्या.

"हल की," अक्का हळूच म्हणाली. मी हलले नाही. तेव्हा तीच मागं सरकली आणि मला ओढत घेऊन गेली, एक-दोन-तीन, ओठ न हलवता, तबकडी संपेपर्यंत.

दुपारी मुख्य बाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. मडम भाषांतराला. कुठं जायचं ते पुढं चालणाऱ्यानं ठरवायचं असतं. दिशेची चूक त्याची, थांबण्याची चूकही त्याची. मी नापास. मागं सरकणारीनं ताल सोडला नाही, तोल सोडला नाही. अक्का पास. चांगल्या गुणांनी पास.

मुख्य बाईंनी अक्काकडे वळून विचारलं, अधीक्षक म्हणून तुम्ही याल का?

मला वाटलं, आता ती हसेल, तोंडावर पदर घेईल, न्हाई गं बाई म्हणेल. अक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "व्हय."

आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर मुलगी उभी होती. तिनं आमचे चेहरे पाहिले आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बोल की," अक्का म्हणाली. "शिव्या दे."

"तू माझी जागा घेतलीस."

"घेतली. न्हाई म्हनले असते तर ती बाई तिसरीला देनार, आन आपून दोघी वाऱ्यावर. नाच संपला तवाच मी विचारून ठेवलंय मडमला. अधीक्षक बाईच्या घरचं मानूस राहिलं तर चालतंय. पोर माझ्यापाशी राहील. मॅट्रिक होईस्तोवर."

"आणि मी?"

अक्कानं बूट काढले, हातात घेतले आणि पायऱ्यांवर बसली. "तुला न्हाई गं आनता येत," ती म्हणाली. "घरचं एकच मानूस."

मे महिन्यात तिचं बोलावणं आलं, आठ दिवस ये म्हणून. तिला फक्त मागं सरकता येत होतं. मुलींना शिकवायचं तर पुढं चालायची बाजूही यायला हवी, आणि ती मला पाठ होती. रिकाम्या जेवणघरात मी तिला ती शिकवली. ती पुढं, मी मागं. मध्य डाव्या हाताला. पहिल्या दिवशी तिनं मला दोनदा भिंतीवर नेऊन आदळलं. चौथ्या दिवसापासून ती न अडखळता फिरू लागली आणि माझी मुलगी दारात बसून भूमितीची प्रमेयं पाठ करत राहिली.

नवव्या दिवशी मी निंबर्ग्याच्या मोटारीत बसले. भावाला काय सांगायचं ते मी ठरवलं होतं, मुद्दे क्रमानं लावले होते: मुलगी येणार नाही, लग्न दोन वर्षं नाही, मी एकटी आले आहे. गाडी सुटली तरी त्यातला तिसरा मुद्दा मला खरा वाटत नव्हता.