सतरा नंबरचा रिपोर्ट

जळगावला एका एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटरमध्ये मी रिपोर्ट टाइप करायचे. डॉक्टर आतल्या खोलीत फिल्म बघत आणि इंटरकॉमवरून सांगत. दहापैकी सात वेळा ते एकच शब्द म्हणत, "नॉर्मल." म्हणून मी वर्डमध्ये एक मॅक्रो करून ठेवला होता. तीन बटणं एकदम दाबली की छातीचा अख्खा नॉर्मल रिपोर्ट उमटायचा. मथळा ठळक, परिच्छेद सरळ रेषेत, शेवटी निष्कर्ष. नाव आणि वय तेवढं भरायचं. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं, तर मी ते चिठ्ठीवर पेशंटचा त्या दिवसाचा नंबर टाकून लिहून घ्यायचे, आधी मॅक्रो चालवायचे आणि मग त्यातली ओळ बदलायचे. मॅक्रोमुळे काम भराभर उरकायचं, डॉक्टर कौतुक करायचे.

मे महिन्यात एकदा कीबोर्डखाली धूळ फार झाली म्हणून तो उचलला. खाली एक चिठ्ठी होती. अक्षर माझं. 'सतरा. उजवीकडे वर सावली. सीटी करा.' तारीख नव्हती.

मी महिनाभराचे फोल्डर उघडत गेले. रोजचा सतरा नंबर बघायचा. बरेचसे सोनोग्राफीचे किंवा हाडांचे निघाले, ते सोडले. छातीचे पाच होते. पाचही रिपोर्टांत अक्षर न् अक्षर तेच, खाली डॉक्टरांची सही. यातला खोटा कुठला, हे माझ्याच शब्दांवरून मला ओळखता येईना.

डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. ते एकेक फिल्म स्क्रीनवर घेऊ लागले. चौथ्या फिल्मला थांबले.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे, सर."

"मीही न वाचता सही केली," ते म्हणाले. "पेशंटला फोन लाव."

फोन बंद होता. पत्ता एरंडोलच्या पुढच्या एका गावाचा. डॉक्टरांनी सीटीसाठी पत्र लिहून दिलं आणि मी दुपारची एसटी धरली. वाटेतल्या गावांत सगळी खिडक्यांची दारं उन्हामुळे ओढलेली. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, आणि प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यात तुटत होतं.

ज्यांचा तो रिपोर्ट, त्या अक्का ओट्यावर बसून सुपातल्या मिरच्यांची देठं काढत होत्या. पन्नाशीच्या असतील. मी सेंटरमधून आले म्हटल्यावर खोकल्या, मग हसल्या.

"दवाखानामाईन उनी का? इतली दूर कशाले उनी बेटा? मन्हा रिपोर्ट ते चांगला शे ना?"

मी म्हटलं, "अक्का, रिपोर्ट टाइप करताना माझ्याकडून चूक झाली. परत तपासायला लागेल."

त्या आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आल्या. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"माले वाचता येस नही. तूच वाच, काय चुकनं ते."

मी वाचलं. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ आहेत. काही दोष आढळला नाही. ते वाक्य मी किती वेळा कागदावर उमटवलं असेल, पण मोठ्याने वाचलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. सीटीत गाठ निघाली. पुढचे उपचार धुळ्याला झाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवड्यांनी फारसा फरक पडला नसता. 'फारसा' हा शब्द मी नीट ऐकला.

मॅक्रो मी काढून टाकला नाही, काढला असता तर रोजचं काम उरकलं नसतं. पण त्यातला निष्कर्ष पुसला. ती ओळ त्यानंतर प्रत्येक वेळी हाताने लिहावी लागायची, आणि लिहिण्याआधी मी डॉक्टरांना पुन्हा विचारायचे. ते कधी चिडले नाहीत.

अक्का त्यानंतर सव्वा वर्ष होत्या. त्या गेल्याचं सांगायला मुलगा स्वतः सेंटरवर आला. उठताना त्याने विचारलं, "ताई, त्याच दिवशी कळलं असतं तर?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तो गेला. बाहेर तीन पेशंट बसले होते.