वांदरीले बाई म्हणणारी काकू

कापसाचा भाव पडला त्या सालात मी आर्णीजवळ वांदरांच्या आसऱ्यात फुकटचा फोटोवाला झालतो. घरी तरी मले कोण इचारत होतं! तिथं वांदरं सांभायणारी काकू वांदरीले "बाई" म्हने अन् मले "ए कॅमेरा".

माय मेलेलं एक पिल्लू काकूनं पोसलं होतं. टोळीतली वांदरीन त्याले घेईन का चावीन, ते त्या दिवशी समजणार होतं. वांदरीन जवळ आली. मी कॅमेरा उचलला.

"ए कॅमेरा, खाली कर! बाईले वाटते तू डोये वटारून राह्यला."

"एकच काढतो न काकू!"

काकूनं पदरच माह्या तोंडावर टाकला अन् वरून दाबून धरला.

पदर निघाला तवा वांदरीन लिंबावर होती, पिल्लू तिच्या पोटाले चिपकून.

"आता काढ, किती काढतं ते," म्हनत काकूनं डोये पुसले.

मी धडाधड काढले. साऱ्यात लिंबाचा पालाच आला.