घरातली भांडणं
प्रिंटरचा तापलेला वास आला की मला आमच्या अमेरिकेतल्या आंबेडकरी मंडळाच्या ट्रिपमधलं मिसिसिपीकाठचं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं ते गाव आठवतं आणि डोकं सणकतं. उन्हात उभ्या गाइडने सांगितलं, की पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे पंथातल्याच नाराजांनी नेत्याविरुद्ध पेपर काढला, तर पहिल्याच अंकानंतर नेत्याच्या हुकुमावरून त्यांचा छापखाना फोडला गेला. "बरोबर केलं," आमचे अध्यक्ष काका माझ्याकडे बघत म्हणाले, "घरातली भांडणं छापायची नसतात." माझ्या बॅगेत घरच्या प्रिंटरवर छापलेली, मंडळाची निवडणूक मागणारी पत्रकं आहेत, हे त्यांना कळलं होतं. "काका, मग भीमजयंतीला पोरांना पेनं कशाला वाटता?" "सह्या करायला!" सगळे हसले. मी तिथेच एकेकाच्या हातात पत्रक कोंबलं. त्या पत्रकांपायी आज मी मंडळाबाहेर आहे, काका अजून अध्यक्षच आहेत; पण प्रिंटर माझ्या घरात आहे, फोडायचा तर त्यांना इथवर यावं लागेल.