बिझनेस क्लासमधली आत्या

माझी आत्या आयुष्यात कधी विमानात बसली नाही. पण ती गेल्यानंतर मी तिला लंडनच्या बिझनेस क्लासमध्ये पंधरा-वीस वेळा तरी बसवलं. शेजारी आजोबा. तेही गेलेलेच.

हसू नका. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी नाशिकला शरणपूर रोडवर एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे. मुंबईहून लंडनला फक्त बुधवारी आणि शनिवारी जाणारी एक लहान विमान कंपनी होती. बिझनेस क्लासच्या सीट मोजून बारा, भाडं मोठ्या कंपन्यांपेक्षा बरंच कमी. द्राक्षाचा सीझन लागला की पिंपळगावचे निर्यातदार त्या सीटांवर तुटून पडायचे, आणि कोण जाणार ते मात्र शेवटच्या दिवशी ठरवायचे. म्हणून आम्ही सीट आधीच खोट्या नावांनी अडवून ठेवायचो. जिवंत माणसाचं नाव नको, उगाच घोळ होतो, म्हणून मी घरातल्या गेलेल्यांची नावं टाकायचे. मला त्यात गंमत वाटायची. काय अक्कल होती!

एका फेब्रुवारीत, शनिवारी, मनमाडहून एक काका आले. रेल्वेतून रिटायर झालेले, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगी लंडनला हॉस्पिटलात, अत्यवस्थ. व्हिसा हातात होता, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, नऊ-दहा तास ताठ बसायचं नाही, पाठ टेकून पाय पसरता आले तरच जा. मोठ्या कंपन्यांचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांना याच विमानाची बुधवारची सीट हवी होती. दहा सीट खरोखर गेलेल्या. उरलेल्या दोन आत्याच्या आणि आजोबांच्या.

"फुल आहे, काका," मी म्हटलं.

सोमवारी ते परत आले. "ताई, उभ्यानं नाही का जाता येणार?"

"अहो, ही काय मनमाडची पॅसेंजर आहे का?" मी फटकन बोलले. ते ओशाळून हसले आणि गेले. स्क्रीनवर दोन्ही नावं तशीच होती. एक बटण दाबायचं होतं. पण गिऱ्हाईक तुटलं तर मालक मला फाडून खातील, ही भीती.

बुधवारी सकाळी निर्यातदाराचा फोन आला, "या वेळी राहू द्या, मॅडम." विमान दुपारचं. मनमाडहून वेळेत मुंबई गाठणं शक्यच नव्हतं. दोन्ही सीट रिकाम्या गेल्या. रिकाम्या कसल्या, मला तर वाटतं ती दोघं खरंच बसून गेली, मला शिव्या घालत. अजूनही पितृपक्षात त्यांचं पान वाढताना मी आधी त्यांची माफी मागते.

शनिवारची एक सीट मी भांडून काकांसाठी मिळवली. शुक्रवारी त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. काका बऱ्याच वेळानं फोनवर आले.

"राहू द्या, ताई. पहाटे गेली ती. कालपर्यंत शुद्धीत होती. बाबा कुठवर आले, विचारत होती."

मी शनिवारच्या सीटवरून त्यांचं नाव काढलं.

"तुम्ही माझ्यासाठी फार खटपट केलीत," ते म्हणाले. "एवढं कोण करतं हो परक्यासाठी?"

तेव्हा तरी खरं सांगायचं. मी म्हटलं, "त्यात काय, काका."