बिस्किटांच्या कारखान्याला वेढा

आमचा दादा आयुष्यात एकही भांडण जिंकलेला नाही, आणि युद्ध या विषयावर त्याच्याइतकं बोलणारा माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असणार, असा वहिनीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून संशय आहे.

लहानपणी आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेऊन तो जमिनीवर लढाया मांडायचा. कोटाची मोठी बटणं म्हणजे हत्ती, शर्टाची म्हणजे पायदळ. मी धाकटी, त्यामुळे हरणारी फौज कायम माझ्या वाट्याला. तक्रार केली की म्हणायचा, "चिमे, इतिहासात ही बाजू हरली आहे, माझा नाइलाज आहे." एकदा मी वैतागून त्याचा सेनापती गिळला. त्यानंतर दोन दिवस आई माझ्यावर नजर ठेवून होती आणि दादा बटणाची वाट बघत होता.

पुढे तो शाळेत इतिहासाचा मास्तर झाला. पोरं त्याला सेनापती म्हणायची. हा आदर आहे अशी त्याची समजूत होती, आणि ती मोडायचं पाप आम्ही कुणी केलं नाही. वर्गात तो खडूनं फळ्यावर आघाडी, पिछाडी, डावी बगल, उजवी बगल काढत राहायचा आणि मागच्या बाकांवर पोरं निवांत डबा खायची. घरी आल्यावर तोच सेनापती दूधवाल्याला दुधातल्या पाण्याबद्दल जाब विचारायला जिना उतरायचा आणि रोजचं दूध अर्धा लिटर वाढवून वर यायचा. "तह केला," म्हणायचा. वहिनी कपाळाला हात लावायची.

असा हा माणूस निवृत्त होऊन घरात बसला होता. आणि मी ज्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, तिथे नवीन मॅनेजर आला. हा साहेब तरुण, हुशार आणि पुस्तकी. त्याला कुठूनसं कळलं, की मोठमोठ्या कंपन्या हल्ली आपल्या माणसांना लढायांचा इतिहास शिकवतात, म्हणजे धंद्यात डावपेच सुचतात. ऑफिसातला एकजण दादाचा जुना विद्यार्थी निघाला. झालं. सेनापतींना आमंत्रण आलं.

आठवडाभर घरात नुसती धामधूम. दादा आरशासमोर उभा राहून हातवारे करायचा. वहिनी म्हणाली, "निघाले फुकट लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. घरातला गॅस संपलाय, त्याचं काय?" दादाला ते ऐकूही गेलं नाही.

व्याख्यानाला आम्हा पॅकिंगवाल्यांना कोण बोलावतंय? ते वरच्या मजल्यावर, गार हवेत झालं. पण संध्याकाळी तो थेट माझ्या घरी आला, बिस्किटांचा डबा बगलेत मारून. खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. म्हणाला, "चिमे, ते लिहून घेत होते गं." आयुष्यभर त्यानं ज्यांना शिकवलं त्यांनी कधी वहीत काही उतरवलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोनदा चहा केला.

मग त्यानं मला सगळं व्याख्यान ऐकवलं. पहिला धडा वेगाचा. थांबली ती फौज संपली. दुसरा धडा वेढ्याचा. समोरासमोर लढून माणसं कशाला मारायची? रसद तोडा, पाणी तोडा, दारं बंद करा आणि शांत बसा, किल्ला आपोआप हातात येतो. साहेबानं शेवटी हात वर करून विचारलं होतं, "सर, पण शत्रू कोण धरायचा?" दादाला वाटलं, हा समोरच्या बिस्किट कंपनीबद्दल विचारतोय. तो ऐटीत म्हणाला, "ते तुमचं तुम्ही ठरवा. इतिहास फक्त पद्धत सांगतो." यावर टाळ्या पडल्या, आणि दर महिन्याला एक व्याख्यान असं ठरूनही गेलं.

मीही मान डोलावली. उंटावरच्या शहाण्याला खालून दाद देणारे आम्हीच असतो.

थोड्याच दिवसांत आमची दुपारची चहाची सुट्टी बंद झाली. आमचं काम उभ्यानं असतं. भट्टीतून बिस्किटं सरकत्या पट्ट्यावर येतात, ती उचलायची, ओळीत लावायची, पुडे बांधून खोक्यात भरायचे. भट्टीचा ताव अंगावर असतो. दुपारी पंधरा मिनिटं बसायला मिळायचं, पाय मोकळे व्हायचे, तेवढ्यावर शिफ्ट निघायची. "थांबायचं नाही, वेग वाढवायचा," असं सुपरवायझर सांगून गेला. आम्ही अर्ज केला, विनंती केली, काही झालं नाही. शेवटी एके दिवशी सकाळीच आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, जिला साहेबसुद्धा मावशी म्हणतो, तिनं पट्ट्याचं बटण बंद केलं आणि ती खोक्यावर बसली. मग आम्ही सगळ्याच बसलो.

साहेब काचेच्या दारापलीकडे आला, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. तासाभरानं कळलं की कँटीन बंद झालंय. मग नळाचं पाणी गेलं. मग हॉलचं दार बाहेरून लावलं. ज्याला जायचंय त्यानं दार वाजवून जावं, पण गेलेल्याला उद्यापासून गेट उघडणार नाही, असा निरोप आला.

मावशी आधी खो खो हसली. "आपल्याला उपाशी मारायला निघालेत, आणि कोंडलंय कुठे, तर बिस्किटांच्या ढिगात."

बिस्किटं खरंच डोंगराएवढी होती. पण वर कॅमेरा होता, आणि पट्ट्यावरचं एक बिस्किट तोंडात टाकलं तरी चोरी, असा नियम पहिल्या दिवसापासून आहे. शिवाय घोटभर पाणी नसताना बिस्किट खाऊन बघा कधी. जीभ टाळ्याला चिकटते. बाटल्या संपल्या होत्या, भट्टी विझवली तरी भिंती तापलेल्या होत्या, आणि एक पोटुशी पोरगी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. हसणं हळूहळू थांबलं.

साहेब परत काचेपाशी आला. दाराच्या फटीतून म्हणाला, "माझ्यावर रागावू नका. हे आम्हाला सेनापती सरांनी शिकवलंय. वेगाचंही आणि याचंही."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. सेनापती सर म्हणजे माझा दादा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ज्यांच्या शेजारी उभी राहून मी पुडे भरले, त्यांच्यात मी एका क्षणात शत्रूच्या गोटातली झाले. चहाची सुट्टी कुणी घालवली तेही मला तेव्हाच कळलं. मला इतका संताप आला, की मी तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा," मी म्हटलं, "शत्रू कोण ते ठरलं. मी आहे." आणि पाणी तोडल्यापासून सगळं सांगून फोन ठेवला.

तो आला. गेटवरच्या वॉचमननं त्याला सलाम ठोकून आत घेतलं, कारण व्याख्यात्याचा पास होता. साहेबानं केबिनमध्ये बसवलं, समोर गार पाण्याचा ग्लास ठेवला. दादानं त्याला सांगितलं की हे मला अभिप्रेत नव्हतं, मी समोरच्या कंपनीबद्दल बोलत होतो. साहेब म्हणाला, "सर, शत्रू आम्ही ठरवायचा असं तुम्हीच म्हणालात. लिहून घेतलंय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग साहेबानं आवाज खाली आणला. तुमच्या बहिणीला समजावून बाहेर काढा, तिची नोकरी मी सांभाळतो. बाकीच्या आपोआप येतील. आणि पुढच्या महिन्याचं व्याख्यान ठरल्याप्रमाणे.

दार उघडून त्याला आत सोडलं आणि परत लावलं. दादा माझ्यासमोर उभा राहिला आणि केबिनमध्ये झालेलं सगळं त्यानं सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं, माझ्या नोकरीचंसुद्धा. लपवाछपवी त्याला जमत नाही, तेवढा त्याचा डावपेचांचा अभ्यास कच्चा आहे.

"सांगितलंस ना? मग जा आता," मी म्हणाले.

तो गेला नाही. एक रिकामं खोकं ओढून त्यावर बसला. खोकं जरा दबलं. मग मावशीनं विचारलं, "मास्तर, इतक्या लढाया वाचल्यात. वेढ्यात सापडलेली माणसं सुटतात कशी?"

दादाच्या अंगात जरा जीव आला. "कधी बाहेरून कुमक येते. कधी वेढा घालणाऱ्यांचीच रसद संपते. पुष्कळदा त्यांच्याच छावणीत रोगराई होते."

"आणि यातलं काहीच झालं नाही तर?"

"मग पुस्तकात पुढचं प्रकरण सुरू होतं," दादा म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो मान खाली घालून बसला.

दुपारी त्याची रक्तदाबाची गोळी असते. वहिनीचा फोन आला, की घेतली का. त्यानं खरं ते सांगितलं, की गोळी खिशात आहे, पाणी नाही, आणि मी बाहेर येणार नाही. पलीकडून वहिनी काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन मात्र तिनं मध्येच ठेवला.

साहेब काचेतून बघत होता. कामगार बाया तहानलेल्या असणं ही त्याच्या लेखी शिस्त होती. बोलावून आणलेला म्हातारा पाहुणा गोळीविना बसलेला असणं ही भानगड होती. "सर, बाहेर या, गोळी घ्या, मग बोलू," तो म्हणाला. दादानं नकारार्थी मान हलवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

मग मात्र माझा तोल सुटला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रागावणार तरी किती आणि कोणावर? "दादा, जा ना बाहेर. तुला काही झालं तर वहिनीला मी काय तोंड दाखवू? आता इथे कसली व्यूहरचना करतोयस?"

"चिमे, मला काहीही सुचत नाहीये," तो हळूच म्हणाला. "मला फक्त बाहेर जायची लाज वाटतेय."

मी त्याच्या शेजारी बसले. माझा राग तेव्हा कुठे गेला कुणास ठाऊक. मला फक्त भीती वाटत होती.

तेवढ्यात गेटकडून आरडाओरडा ऐकू आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. वहिनीनं आयुष्यात लढाईचं एक पान वाचलेलं नाही. ती रिक्षातून उतरली ती सरळ मैद्याचा ट्रक आत वळत होता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. माझ्या नवऱ्याला कोंडून ठेवलंय, त्याला पाणी मिळेपर्यंत हा ट्रक हलणार नाही, असं तिनं ड्रायव्हरला, वॉचमनला आणि जमलेल्या सगळ्या रस्त्याला सांगितलं. ट्रक अर्धा आत, अर्धा बाहेर. मागे दुसरा ट्रक, त्याच्यामागे बस. हॉर्नचा नुसता कल्लोळ. लोक मोबाईल काढून उभे.

दादानं डोळे उघडले. "कुमकही आली आणि त्यांची रसदही तुटली," तो म्हणाला. "आणि तिला माहीतसुद्धा नाही."

थोड्या वेळानं नळ खोकल्यासारखा आवाज करून फुसफुसला आणि पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. आम्ही पोटुशीला पुढे केलं, मग मावशीला, आणि मी दादासाठी बाटली भरायला रांगेत लागले. चहाची सुट्टीही पुढे परत मिळाली, पण अर्धीच. दादाची व्याख्यानमाला मात्र तिथेच संपली, आणि त्यानंतर त्याला बोलायला कुणीही, कुठेही बोलावलेलं नाही.

मी बाटली भरून वळले तेव्हा दार उघडून साहेब आत आला होता. तो चिडलेला होता, आणि त्याहून जास्त दुखावलेला दिसत होता. "सर, तुम्हाला आम्ही बोलावलं, मान दिला, आणि तुम्ही जाऊन यांच्यात बसलात," तो म्हणाला. "तुमच्या इतिहासात याला काहीतरी शब्द असेल ना?"

शब्द होता. तो उच्चारताना शाळेत दादाच्या तोंडाची चव जायची. फितुरांमुळे गेलेल्या किल्ल्यांबद्दल बोलताना तो फळ्याकडे तोंड करायचा, पोरांना डोळे दिसू नयेत म्हणून.

"फितुरी म्हणतात," दादा म्हणाला. मग तो साहेबाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "पहिल्यांदाच केली. म्हणून जरा उशीर झाला."

"गोळी घे," मी म्हणाले, आणि बाटली त्याच्या हातात दिली.