एस्तेरताईंनी पाणी मागितलं

सकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते, तेव्हा अमरावतीहून नीलिमाचा फोन आला. "मामी, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि पुढचं सगळं रडण्यात बुडालं. नीलिमा म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेची, एस्तेरताईंची एकुलती एक लेक. मी पहिलं काय विचारलं असेल? "त्रास झाला का गं त्यांना?" माणूस गेल्यावर हे सगळेच विचारतात म्हणा, पण ताईंच्या बाबतीत हा प्रश्न माझ्या छातीवर कधीपासून धोंड्यासारखा बसला होता. "झाला," नीलिमा म्हणाली, "पण लपवला नाही तिनं." मी पाईप तसाच टाकून ओट्यावर बसले. पाणी सगळ्या व्हरांड्यात पसरलं, तरी मला भान नव्हतं.

मी अकोल्याची, अन् लग्नानंतरही अकोल्यातच राहिले, कारण नवऱ्याची, विजयची, नोकरी इथली. सासर मात्र अमरावतीला, मिशन कंपाउंडमध्ये. ताई अगदी तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या आणि रोज एसटीने भातकुलीला जाऊन तिथल्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायच्या. मी नवी नवरी म्हणून त्या घरात शिरले तेव्हा मला वाटलं, आता ही पांढऱ्या साडीतली बाई आपल्याला उपदेश करकरून मारणार. कसलं काय! पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला मागच्या दाराने बाहेर काढलं, गाडीवरचा तिखटजाळ गिलावडा खाऊ घातला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशा खो-खो हसल्या. "अवं, अकोल्याची पोरगी न तू? मले वाटलं होतं तूच आमाले रडवशील!" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'अकोल्याची तिखट' झाले ते शेवटपर्यंत. नाताळाच्या आधी आम्ही दोघी अंगणात बसून करंज्या करायचो, मांडीवर संत्र्याच्या सालींचा ढीग, अन् ताई अल्टोचा खालचा सूर लावून मला नेहमी सोप्रानोच्या वरच्या पट्टीत ढकलायच्या. माझा आवाज फाटायचा. त्यांना त्याचीच मजा. काय दिवस होते ते... आता नाताळ येईल, करंज्याही होतील, पण मला चिडवायला कोण आहे?

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खुपायची. त्या घरात कोणीच स्वतःसाठी काही मागायचं नाही. ताप आला तर चादर ओढून पडायचं, कोणी विचारलं तर "बरं आहे" म्हणायचं. आणि ताई त्या सगळ्यांच्या वरताण. त्यांचे यजमान गेले त्याच रविवारी त्या चर्चमध्ये येऊन गायनमंडळात उभ्या राहिल्या होत्या म्हणे, आणि तेव्हाच्या पाळकांनी भर उपासनेत सांगितलं होतं, "पाहा, विश्वासानं दुःख कसं सोसावं ते या बहिणीकडून शिका." झालं! त्या दिवशी मंडळीनं ताईंचं उदाहरण करून टाकलं. पुढे संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली, खडू धरवेना, तरी कोणाच्या घरी दुखणं आलं की बायका म्हणायच्या, "एस्तेरबाईंकडे पाहा, कधी हूं की चूं केलंय?" मला असा संताप यायचा! अरे, त्या बाईला एकदा तरी हूं करू द्या की...

मग दोन वर्षांपूर्वी तो आजार निघाला, आणि निघाला तोवर हाडांपर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. ताई त्या घेईनात. नीलिमानं रडून सांगितलं, विजयनं फोनवर सांगितलं. शेवटी मी गाडी पकडून गेले आणि भांडलेच. "ताई, गोळीत काय पाप हाय वो? मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंत तेव्हा नाही आठवला देव?" त्या उशीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. वरच्या ओठावर घामाचे थेंब. म्हणाल्या, "शालू, हे दुखनं त्यानं माह्या हाती देलं. त्यानं क्रूसावर सोसलं, मी काहून अर्ध्यात टाकू? आन लोकं पाहून राहिले न माह्याकडं." देवाशी भांडता येतं एक वेळ, पण पाहणाऱ्या लोकांशी कसं भांडणार? मी परत आले ती एकच भीती घेऊन, की ही बाई दात आवळून, हसत हसत, सगळ्यांच्या कौतुकात एकटीच मरणार.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या अमरावतीच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूचे क्रूसावरचे सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून दिलेले असतात, आणि पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा, वर्षानुवर्षं ताईंचा. अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यात आमची जुनी रीत अशी, की त्या तीन तासांत पाण्याचा थेंब कोणी घ्यायचा नाही. व्हरांड्यातला माठसुद्धा उपडा करून ठेवतात. यंदा नीलिमा म्हणाली, आईला नेऊ नका. पण ताई हट्टाला पेटल्या. विजयनं आणि मी त्यांना रिक्षातून नेलं, वेदीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पंखे नुसते गरम वारा ढवळत होते. पांढऱ्या साड्यांनी चर्च भरलेलं. चौथा उद्गार संपला, गीत झालं, आणि ताईंच्या हातात माईक दिला. तो त्यांच्या बोटांत बसेना, म्हणून पाळकसाहेबांनी स्टँड पुढे सरकवला.

ताई खुर्चीतच जरा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "मी इतके वर्षं तुमाले सांगत आली, का ही तहान आत्म्यांची होती. तेई खरंच असंल. पन आता मले वाटून राहिलं, का त्याले पयले साधी पान्याचीच तहान लागली होती. उनात टांगलं होतं त्याले. घसा सुकला होता. आन त्यानं ते बोलून दाखवलं. ज्यायनं खिळे ठोकले, त्यायच्यासमोर बोलून दाखवलं. लाजला नाई." दम लागला होता. "माहाबी घसा सुकला हाय. मले पानी पायजे."

कोणी हलेना. पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे हळूच म्हणाले, "बाई, तीन वाजेपर्यंत जरा..." माझं डोकं असं फिरलं की मी बाकावरून उठलेच, पण माझ्या आधी पाळकसाहेब बाजूच्या दारानं बाहेर पडलेले दिसले. त्यांचं घर चर्चला लागूनच. ते तांब्या-पेला घेऊन आले, आणि ताईंना पेला धरवत नाही हे पाहून त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः पाणी पाजलं. ताई घोट घोट प्यायल्या. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. मग त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "लय दुखते मले. झोप नाई येत. मालक गेले तवाबी लय दुखलं होतं, पन तुमी सारे वाहवा करत होते, मंग मी बोलूच शकली नाई. हे दुखनं मी नाकारत नाई. त्याच्या हातून आलं, घेतलं. पन एकटीनं घेतलं, ते चुकलं. आता नाई घेत." एवढंच. पाचवा उद्गार संपला. पुढचं गीत कोणाला धड म्हणता आलं नाही, पहिल्या ओळीलाच बायका रडायला लागल्या. मीही रडत होते, आणि सांगायला लाज कसली, रडता रडता मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं.

घरी आल्याबरोबर ताईंनी नीलिमाकडे गोळी मागितली.

दुखणं काही पळून गेलं नाही. पुढचे दिवस कठीणच होते; मीही अकोल्याहून येऊन-जाऊन होते. पण घराचं दार उघडं राहायला लागलं. कोणी पाय चेपायला येई, कोणी खिचडी घेऊन. भातकुलीची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली, दुपारभर वारा घालत बसायची. ताई कण्हायच्या, रडायच्या, खिचडीत मीठ कमी म्हणून बोलायच्या, आणि मधेच डोळे मिटून इतक्या शांत होत की मला दचकायला व्हायचं. मी एकदा विचारलं, "ताई, मग तुमचं ते सोसणं कुठं गेलं?" हसल्या. "हायच न इथं. दुखन्याले बसाले पाट द्याव, शालू, तो पाहुना हाय. पन त्याच्यासाठी आख्ख्या घरातले मानसं बाहेर काढू नये." मी रागीट बाई, दुःख पत्करणं म्हणजे हरणं असंच मला वाटत आलं. अजूनही देवाला चार शब्द सुनवायचे आहेतच. पण पत्करलेलं दुःख इतक्या जणांच्या मध्ये बसून सोसता येतं, हे मी त्या खोलीत पाहिलं.

मातीच्या दिवशी विजयच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बहिणीची पेटी खांद्यावर घेतली, मूठभर माती टाकली, आलेल्यांना चहा विचारत फिरला. अकोल्याला परतल्यावरही तेच. ऑफिस, भाजी, बातम्या. मी काही म्हटलं की "बरं आहे." त्याच घरातला तो, आणखी काय म्हणणार!

परवा संध्याकाळी मी भाकरी थापत होते. विजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला पाणी हवं असेल, चष्मा सापडत नसेल, असं मला वाटलं. तो चौकटीला धरून तसाच उभा होता.

"शालू," तो म्हणाला, "मले ताईची लय आठवण येऊन राहिली. जरा बसतं काय माह्याजवळ?"

तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मी गॅस बंद केला.